गवत कापण्याचे बॅटरीवरील यंत्र

पावसाळा लागला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील अंगणांतली हरळी आठवड्याभरात कडेच्या विटांवर चढते. तेथे मोठ्या यंत्राची पाती पोचत नाहीत; फिरत्या नायलॉन दोरीचे हलके यंत्र तेवढ्यापुरते घ्यावे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ मध्ये ही युक्ती सुचली ती मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून!

दुकानात व्होल्टचा आकडा पुढे केला जातो. त्याला भुलू नये. ‘कमाल २० व्होल्ट’ आणि ‘१८ व्होल्ट’ या बहुधा एकाच जातीच्या बॅटऱ्या असतात. पहिला आकडा नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा, दुसरा वापरातल्या सरासरीचा. त्यापेक्षा व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. ४ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ चालेल, परंतु मनगटाला जडही होईल; म्हणून यंत्र बॅटरीसह उचलून पाहावे.

मे-जूनच्या उन्हात तापलेली बॅटरी निवल्याखेरीज चार्जिंगला लावू नये. आणि कडुनिंबाच्या कोवळ्या रोपाभोवतीचे वीतभर गवत खुरप्यानेच काढावे. दोरीच्या फटक्यांनी साल चोहोबाजूंनी सोलली गेली, तर रोप वाळून जाते.