सर्टिफिकेटची मुदत आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आमचे अनेक व्यापारी व कारखानदार बांधव आता आपल्या मालाची वेबसाइट चालवतात. लुंगी, साडी, ग्रे कापड यांचे नमुने तिथे दिसतात, ऑर्डर येते, पैसेही जमा होतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्यांना विम्याच्या हप्त्याची आणि हुंडीची तारीख तोंडपाठ असते, त्यांना आपल्या वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत विचारली तर ते वेबसाइट बनवणाऱ्या मुलाकडे बोट दाखवतात. आमच्या मते ही जबाबदारी मालकाची आहे.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय? गिऱ्हाईक मोबाइलवर आपले पान उघडते तेव्हा आपला सर्व्हर प्रथम हे सर्टिफिकेट पुढे करतो. त्यात वेबसाइटचे नाव, ते देणाऱ्या संस्थेची सही आणि मुदतीची तारीख असते. ब्राउझर ते तपासतो आणि मगच पुढचा व्यवहार बंद पाकिटातल्या पत्रासारखा सुरू होतो. मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. मुदत टळली की ब्राउझर पान उघडण्याऐवजी धोक्याचा इशारा दाखवतो. माल तोच, भाव तोच, नियत साफ; पण दारावर 'इथे धोका आहे' असा बोर्ड लागतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत असे झाले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, आणि परत येईलच असे नाही.

ही चूक फक्त लहान दुकानदारांकडून होते असे नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले. जपानमध्ये सॉफ्टबँकचे ग्राहकही त्याच दिवशी अडकले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा याच कारणाने काही तास बंद होती. अमेरिकेतील इक्विफॅक्सचे प्रकरण तर अधिक गंभीर आहे. ये-जा करणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचे सर्टिफिकेट अनेक महिने मुदतबाह्य होते, म्हणून यंत्र आंधळे झाले होते. जुलै २०१७ मध्ये ते बदलले तेव्हा चोरी दिसली. तोवर १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती.

आता मुदतीही आखडत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२० पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये नवे वेळापत्रक मंजूर केले. त्यानुसार १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. वर्षातून एकदा आठवण ठेवण्याचे दिवस संपले.

काही बांधव म्हणतील, आमचे सर्टिफिकेट आपोआप बदलते. चांगले आहे, तसेच असावे. परंतु आपोआप चालणारा मागही धागा तुटला की थांबतो, आणि तिथे कोणी तरी उभे असावे लागते. कधी नवे सर्टिफिकेट येऊन पडते, पण सर्व्हरला ते पुन्हा वाचायला सांगितलेले नसते. तो जुनेच दाखवत राहतो. सूचना येण्यासाठी दिलेला ईमेल केव्हाच काम सोडून गेलेल्या माणसाचा असतो. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेने तर मुदतीच्या आठवणीचे ईमेल जून २०२५ मध्ये बंदच केले.

म्हणून तपासणी बाहेरून व्हावी, गिऱ्हाईक पाहते तिथून. रोज तपासून सूचना देणाऱ्या सेवा मिळतात. त्यातली एखादी लावून घ्यावी. ९० दिवसांचे सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले असता बदलते. तेव्हा २० दिवस उरूनही जुनेच दिसत असेल तर काही तरी अडले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी माणूस कामाला लावावा. सूचना मालक व मुनीम अशा दोघांना यावी. वेबसाइट, मेलचा सर्व्हर, ऑर्डरचे ॲप अशी ज्या ज्या नावांची सर्टिफिकेटे असतील, ती सर्व वहीत उतरवावीत.

एका गोष्टीला आमचा सक्त विरोध आहे. मुदत टळल्यावर काही दुकानदार गिऱ्हाईकाला फोनवर सांगतात, "इशारा आला तरी पुढे जा, काही होत नाही." हे सांगणे अमानतीच्या विरुद्ध आहे. आज आपल्या दुकानावर इशारा डावलायला शिकलेले गिऱ्हाईक उद्या लुटारूच्या पानावरही तसेच करील. आपली दोन दिवसांची विक्री वाचवण्यासाठी त्याच्या बँक खात्याचे दार उघडे ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. अशा वेळी ऑर्डर फोनवर घ्यावी आणि पान दुरुस्त होईपर्यंत थांबावे.

ठरावीक मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तो हुकूम कर्जाबद्दल आहे, हे आम्ही जाणतो. पण मुदत ध्यानात नव्हे तर कागदावर ठेवावी, ही सवय त्यानेच आपल्याला लावली. आपल्या खातेवहीत आणखी एक ओळ वाढवावी, एवढीच आमची विनंती आहे.