डिग्री चार वर्षांची, कुत्रा बारा वर्षांचा

२०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन. पारा ४५ च्या पार गेला आणि ३१ मेपर्यंत जमावबंदीचा आदेश निघाला. आपला उन्हाळा काय असतो हे पुण्या-मुंबईच्या दोस्तांना सांगायला एवढं पुरे. आणि याच अकोल्यात, याच अमरावतीत संध्याकाळी फिरायला निघा, एखादा तरी सायबेरियन हस्की जीभ बाहेर काढून धापा टाकत चाललेला दिसेल. सायबेरियन! नावातच पत्ता लिहिलाय. तरी माणूस त्याला वऱ्हाडात आणतो, कूलरसमोर बसवतो आणि रील टाकतो. रीलवर लाइक पडतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धाप टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे रीलमध्ये जे ‘हसू’ दिसतं ते बऱ्याचदा उकाड्यानं बेजार झालेलं तोंड असतं.

हे वाचून ‘हा कुत्र्यांच्या विरोधात दिसतो’ असं वाटलं असेल तर तसं नाही. आमच्याकडं शेतात कायम कुत्रं राहिलंय. पण सध्या कॉलेजात, होस्टेलवर, बर्थडेच्या विशलिस्टमध्ये ‘डॉगी घ्यायचाय यार’ हे वाक्य फार ऐकू येतं, आणि त्यावरची चर्चा ‘किती खर्च येईल?’ इथंच संपते. माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो.

तरी पैशाचं आधी बोलून टाकू, कारण ते सोपं आहे. चांगला वाढलेला लॅब्राडोर दिवसाला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम कोरडं खाद्य खातो. म्हणजे महिन्याला दहा किलो. किलोला २५० रुपये धरले तरी महिन्याचे अडीच हजार, वर्षाचे तीस हजार, बारा वर्षांचे तीन लाख साठ हजार. महागाई यात धरलेली नाही. ‘आम्ही पोळी-दूध देऊ’ म्हणणारे असतात. नुसत्या पोळी-दुधावर कुत्रं जगतं, पण धड राहत नाही. त्याला अंडी, मांस असं काहीतरी लागतं. आणि आपल्या ताटातली कांद्याची भाजी तर त्याला चालतच नाही, कांदा कुत्र्याला बाधतो. लसी वेगळ्या: सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या, तीन महिन्यांनी रेबीजची, मग दरवर्षी. जंताचं औषध, गोचिडांचं औषध. पिल्लाला पार्व्हो झाला तर सलग काही दिवस सलाईन, आणि एवढं करून वाचेलच याची खात्री नाही. अकोलेकरांचं नशीब बरं, त्यांच्याकडं स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. बाकीच्यांना जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. खासगीपेक्षा तिथं खर्च बराच कमी येतो. हस्कीवाल्यांनी यात एसीचं बिल धरायचं. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर दहा-बारा युनिट दिवसाला, आणि आपला उन्हाळा मार्चपासून जूनपर्यंत.

पण पैसा कसाही उभा करता येतो. पॉकेटमनी वाचवता येतो, ट्यूशन घेता येतात, बाबांना पटवता येतं. वर्षं कुठून आणायची?

आता खरं गणित करू. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, सेकंड इयरला. आज पिल्लू आणलं. लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो, गावरान कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-पंधरा. डिग्री संपेल तेव्हा तुम्ही बावीसचे, कुत्रा तीन वर्षांचा, ऐन भरात. मग काय होतं ते वऱ्हाडातल्या कोणत्याही घराला विचारा. इंजिनीअरिंग झालेला हिंजवडीला जातो, बी.ए. झालेला एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट घेतो, बी.कॉम. झालेली ठाण्याला मावशीकडं राहून नोकरी शोधते. अमरावती-अकोल्याहून रोज रात्री पुण्याला किती ट्रॅव्हल्स सुटतात ते एकदा उभं राहून मोजा. त्यातल्या एकाही सीटवर कुत्रा नसतो.

रेल्वेनं न्यायचा म्हटलं तर नियम माहीत असू द्या. स्लीपरमध्ये, थ्री टियरमध्ये कुत्रा चालत नाही. एसी फर्स्ट क्लासची आख्खी केबिन किंवा कूपे तुमच्या नावावर असेल तर, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत बंद करून. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं बडनेऱ्याहून पुण्यापर्यंत त्या पेटीत बसलेल्या जिवाचा विचार करा. आणि पोचल्यावर काय? चौघांत टू बीएचके, घरमालकाची पहिली अट नॉनव्हेज नको, दुसरी पेट नको.

म्हणजे कुत्रा मागे राहतो. नऊ वर्षं. आणि त्याला सांभाळतं कोण? कोण म्हणजे, आई.

हा लेख लिहायचं खरं कारण ते आहे. ‘मी कुत्रा पाळलाय’ हे वाक्य पोरगं बोलतं आणि पाळत असते त्याची माय. सकाळी पाचला फिरवणं तिचं, कारण एप्रिल-मेमध्ये आठ वाजता डांबर पायाला सोसत नाही, कुत्र्याच्या पंजाला तर नाहीच. पोळ्या दोन जास्त तिच्याच. कूलरच्या गवतात अडकलेले केस काढायचे तिनंच. पाण्याचं तर बोलायलाच नको. नळ रोज येत नाही, महान धरणातला साठा उतरला की अकोल्यात दोन पाण्यांमधलं अंतर वाढत जातं, आणि टाकीतलं पाणी पुरवून वापरणाऱ्या बाईला अंगणातली घाण धुवायची असते. पोरगं व्हिडिओ कॉलवर म्हणतं, ‘मम्मी, कॅमेरा शेरूकडं कर ना.’ एका ओळखीच्या काकूंनी यावर एकदा चांगलंच सुनावलं होतं: ‘त्याले पाह्यासाठी फोन करतं, मी जेवली का थे नाही इचारत!’ सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

काही जण म्हणतील, पण पोरं बाहेरगावी गेली की आई-बाबांना सोबत होते ना? होते. हे मी नाकारत नाही. पोरगी सासरी, पोरगा पुण्यात, घरात दोघंच. अशा घरात कुत्र्यामुळं दिवसाला आकार येतो. रिटायर झालेले बाबा त्याच्या निमित्तानं सकाळी बाहेर पडतात, चार माणसं बोलतात. डॉक्टरांनी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते एका पट्ट्यानं होतं. अशी घरं मी पाहिलीत आणि ती आनंदात आहेत. पण त्या घरात कुत्रा आणायचा हे बाबांनी ठरवलेलं असतं. तुमच्या हौसेचं ओझं त्यांच्या गळ्यात पडणं आणि त्यांनी स्वतः सोबत निवडणं यात फरक आहे. पिल्लू आणायच्या आधी एकदा घरी विचारा, पण ‘कुत्रा आणू का?’ असं नको. ‘मी गेल्यावर तू याला सांभाळशील का?’ असं विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर ते उत्तर कळून घ्या.

गावाकडचा हिशेब वेगळा आहे, तो इथं लावू नका. शेतात जागलीला जाणाऱ्या माणसासोबत कुत्रं लागतंच. रोही आणि रानडुक्कर रात्रीतून हरभऱ्याचं काय करतात हे दर्यापूर-अंजनगावकडच्या पोरांना सांगायला नको. तिथं कुत्रं परवडतं का असं कोणी विचारत नाही, कारण ते कामावर आहे. फक्त एक गोष्ट तिथंही राहून जाते, लस. चावलं की मग अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेली इंजेक्शनं: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत असतात, पण एकही चुकवायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की त्यावर इलाज नाही. हे घरच्या पाळलेल्या कुत्र्यालाही लागू आहे, ‘आपलाच आहे’ म्हणून जखम नुसती हळद लावून सोडू नका. आधी साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

आता सगळ्यात वाईट भाग. जिथं आई नाही म्हणते, बाबा नाही म्हणतात, तिथं कुत्रा एका संध्याकाळी गाडीत बसतो आणि बायपासवर कुठंतरी उतरवला जातो. गळ्यातला पट्टा काढून. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला रस्ता कळतो, ट्रकचा आवाज कळतो, कुठल्या ढाब्यामागं काय मिळतं ते कळतं. एसीत वाढलेल्या हस्कीला यातलं काहीच कळत नाही. कायद्यानं हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं क्रूरतेत धरलंय. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड माहितेय? दहा ते पन्नास रुपये. पन्नासच्या वर नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये दोघांचा चहा-समोसा तेवढ्याला येत नाही. तेव्हा या बाबतीत कायद्याच्या भीतीवर विसंबून चालणार नाही. शेंडगावचे गाडगेबाबा आपल्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय द्या म्हणून सांगून गेले. आपल्या मार्कशीटवर त्यांच्या नावाचं विद्यापीठ असतं, एवढी तरी आठवण ठेवू.

मग पाळायचाच नाही का? पाळा. पण मला विचाराल तर ज्यांनी इथंच राहायचं ठरवलंय त्यांनी पाळा. ज्याला बाबांचं दुकान पुढं चालवायचंय, जो कृषीची डिग्री घेऊन स्वतःच्याच शेतात उतरणार आहे, जिला परतवाड्याच्या शाळेत शिकवायचंय. पुण्याला गेला नाही म्हणजे मागे राहिला असं आपण या पोरांना म्हणतो. कुत्र्याच्या दृष्टीनं तेच एक कामाचं माणूस. रोज पाचला उठणारं, त्याच दारातून बाहेर पडून त्याच दारातून परत येणारं. आणि अशा माणसाला तो सगळा खर्च, सगळी दगदग परत मिळते, हेही खरं. सबमिशन बुडालेलं असो, मुलाखतीत नापास झालेलं असो, त्याला फिरवून आणावंच लागतं, आणि त्या अर्ध्या तासात मोबाइल खिशात राहतो.

घेतलंच तर गावरान घ्या. फुकट मिळतं आणि आपल्या उन्हाला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलेलं आहे. विकत घ्यायचा मोह आवरत नसेल तर एवढं माहीत असू द्या की केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. इन्स्टावर पत्ता न सांगता ‘पपी अव्हेलेबल’ टाकणाऱ्याला नोंदणीचा कागद मागून बघा, बोलणं तिथंच थांबतं. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची जात तर आपल्याकडं नकोच, त्यांना उन्हात धाप टाकायलाही जड जातं. परवान्याची चौकशी महापालिकेत करून घ्या.

आणि ज्यांना दोन वर्षांनी ट्रॅव्हल्सच पकडायची आहे, रुक्मिणीनगरात नाहीतर जठारपेठेत भाड्याच्या खोलीवर राहतात, तरीही कुत्र्याशिवाय करमत नाही, त्यांच्यासाठी गल्लीतलं कुत्रं आहे. त्याला तुम्ही एकटेच नसता, सगळी गल्ली असते. तुम्ही गेलात तरी त्याचं जग संपत नाही. मात्र शेजाऱ्याच्या दारात, लहान पोरं खेळतात तिथं खायला टाकायचं नाही, एक कोपरा ठरवायचा आणि टाकलेलं उचलायचं. कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेकडं चार पोरांनी मिळून अर्ज द्यायचा. वर्षातून एक रेबीजची लस द्यायची. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास सरकारी दवाखान्यांत मोफत शिबिरं होतात, तिथं पोत्यात भरून नाही, पट्टा बांधून न्यायचं. त्याची सवय आधी महिनाभर करावी लागते. आजपासून लागलात तर होईल.