लिस्बन स्वस्त, पण कोणाला?

लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू, अशी नोकरी असलेली डिजिटल नोमॅड मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास निघतो : अमक्या शहरात महिन्याला किती लागतात? लिस्बनबाबतचे उत्तर आता जवळपास ठरून गेले आहे. मध्यवस्तीत एका बेडरूमचे घर बाराशे ते पंधराशे युरो, कोवर्किंगमधली जागा दीड-दोनशे, शहर आणि उपनगरांतल्या मेट्रो, बस, लोकलचा मासिक पास 40 युरो. खाणेपिणे, फोन आणि शनिवार-रविवारची समुद्रकिनाऱ्यावरची चैन धरून अडीच हजारांत माणूस मजेत राहतो. युरोला ढोबळमानाने शंभर रुपये धरले तर अडीच लाख. लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा पगार घेणाऱ्याला हा आकडा ऐकून हायसे वाटते. ऊन भरपूर, इंग्रजीवर भागते, मग आणखी काय हवे?

हाच हिशेब लिस्बनकराच्या वहीत मांडला की त्याचे रूप पालटते. पोर्तुगालमध्ये 2025 साली किमान वेतन होते महिना 870 युरो. सामाजिक सुरक्षेचे 11 टक्के कापले की हातात 774. तिथे वर्षाला चौदा पगार मिळतात, ते बारा महिन्यांवर वाटले तरी महिन्याला नऊशेच पडतात. म्हणजे नोमॅडला परवडणाऱ्या घराचे भाडे भरायला या माणसाचा अख्खा पगारही पुरत नाही. नवरा-बायको दोघे कमावते असले, तरी भाडे दिल्यावर घर चालवायला चार-पाचशे उरतात. मग संसार जातो अमादोरा, कासेम, सिंत्रा अशा लोकलच्या गावांत. मध्यवस्तीतली ऑफिसे झाडूनपुसून ठेवणाऱ्या बायका पहाटेच्या गाडीने येतात आणि साहेब मंडळी जागी होण्याआधी काम उरकतात. 40 युरोंचा तो पास दोघांच्याही हिशेबात आहे. एकाची तो सोय आहे, दुसरीच्या रोजीची ती पूर्वअट आहे.

हे सारे निव्वळ बाजाराच्या खेळाने झाले असते तर गोष्ट वेगळी. इथे सरकारचा हात लेखी आहे. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस पोर्तुगालने डिजिटल नोमॅडांसाठी खास व्हिसा सुरू केला. त्याची मुख्य अट अशी, की अर्जदाराचे महिन्याचे उत्पन्न देशातल्या किमान वेतनाच्या निदान चौपट हवे. 2025 च्या हिशेबाने 3480 युरो. येणारा पाहुणा सरकारी तिजोरीवर भार होऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्या अटीचा दुसरा अर्थ घरमालकाने अचूक ओळखला. एकाच घरापुढे दोन गिऱ्हाइके उभी आहेत आणि त्यातल्या एकाची कमाई दुसऱ्याच्या निदान चौपट असल्याची खात्री खुद्द सरकारने करून घेतली आहे. त्यात तो सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यायलाही तयार. किल्ली कोणाच्या हातात पडणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. अशा शहरात ‘महिन्याचा खर्च’ म्हणून जो तक्ता फिरतो, तो दरपत्रक कमी आणि बोलीचा आकडा जास्त असतो.

त्यावर कराचीही मेहेरबानी होती. 2009 पासून पोर्तुगालने नव्याने येणाऱ्यांसाठी एक सवलत ठेवली होती. ठरावीक व्यवसायांतल्या तिथल्या कमाईवर दहा वर्षे सरसकट 20 टक्के आयकर. तेवढेच कमावणारा पोर्तुगीज अभियंता मात्र 48 टक्क्यांपर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्यांवर. 2011 मध्ये देश 78 अब्ज युरोंच्या मदतीवर तरला होता, तेव्हा परदेशी पैसा येईल तो वाट्टेल त्या वाटेने येवो, अशी मनःस्थिती होती. 2012 मध्ये जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल झाले, त्याच वर्षी पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्याला ‘गोल्डन व्हिसा’ मिळू लागला, 2014 मध्ये पर्यटकांना घरे भाड्याने देण्याचे नियम सुटसुटीत झाले. नोमॅड आले ते या सगळ्याच्या शेवटी. त्यामुळे सगळे खापर त्यांच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. एकूण घरांत सरकारी किफायती घरे जेमतेम दोन टक्के असलेल्या देशात टंचाई पाहुण्यांच्या आधीपासूनच मुक्कामाला होती.

तरीही पाहुण्याचा एक गुण दुर्लक्षिता येत नाही. शहर महागले की तो बॅग भरतो आणि पुढच्या ‘स्वस्त’ शहरात जातो. त्याने चढवलेले भाडे त्याच्याबरोबर जात नाही. लिस्बनच्या अल्फामा, ग्रासा या जुन्या वस्त्यांच्या चढणींवर जुन्या दुकानात गल्ल्यापाशी उभ्याने प्यायची ‘बिका’ ही कडक कॉफी युरोभरात मिळते, तिथून चार दारांवरच्या नव्या कॅफेत फ्लॅट व्हाइटला तीन-साडेतीन युरो पडतात. जुन्या दुकानाचा भाडेकरार संपला की त्या जागी काय येणार, हे गल्लीतला शेंबडा पोरही सांगेल.

1 एप्रिल 2023 रोजी लिस्बन, पोर्तोसह अनेक शहरांत लोक घरांसाठी रस्त्यावर उतरले. तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांचे घराणे मूळचे मडगावचे. नोमॅड व्हिसा त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि आधीच्या सवलतींतून माघारही त्यांनाच घ्यावी लागली. घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा त्याच वर्षी बंद झाला, 2024 पासून नव्यांसाठी ती जुनी करसवलतही आटोपली. चौपट उत्पन्नाची अट मात्र जागच्या जागी आहे.

मडगावच्या निमित्ताने गोव्याकडे पाहणे भाग आहे. 2020 नंतर दिल्ली, मुंबई, बेंगळुरूचा पगार घेऊन आसगाव, शिवोली, हणजूण भागात मुक्काम ठोकणाऱ्यांची रीघ लागली. व्हिसाची गरजच नाही, त्यामुळे मोजदादही नाही. अकरा महिन्यांच्या करारावर कुटुंब ठेवण्यापेक्षा महिन्यामहिन्याने पाहुणा ठेवणे घरमालकाला फायद्याचे. त्याच गावात नोकरी करणाऱ्या नर्सला, हॉटेलातल्या पोराला खोली शोधत लांब जावे लागते. पाहुण्यांच्या खर्चातून गावात पैसा खेळतो, हे खरे. तो कोणाच्या हातात खेळतो, हे विचारायला हवे.

पाहुणे येऊच नयेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण आमंत्रण देणाऱ्या सरकारांनी पाहुण्याच्या खिशाबरोबर यजमानाचे छप्परही मोजावे. पाहुण्याला कर तोच, जो तेवढेच कमावणाऱ्या स्थानिकाला. एका वस्तीत किती घरे पर्यटकांना द्यायची, त्याला मर्यादा. आणि पाहुण्यांमुळे वाढलेल्या महसुलातून स्थानिक पगाराला झेपेल अशी घरे, तीही त्याच वस्तीत, लोकलच्या शेवटच्या स्थानकापलीकडे नव्हेत. कोणाला आत घ्यायचे हे ठरवताना लिस्बनला किमान वेतनाची पट्टी बिनचूक वापरता येते. घरभाडे मोजायलाही तीच पट्टी लावायला कोणाची हरकत आहे, हे एकदा घरमालकांनी आणि मंत्र्यांनी उघडपणे सांगून टाकावे.