विश्लेषण : घर तापणार की गार राहणार, हे आर्किटेक्चरच्या वर्गात कसं ठरतं?

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ‘ग्रीन बिल्डिंग’ हे शब्द आता हमखास असतात. गच्चीवर सोलर पॅनल, जिन्यात एलईडी दिवे, खाली चार झाडं. पण मे महिन्यात त्या घरात पंख्यावर भागणार की एसी घ्यावाच लागणार, हे बऱ्याच अंशी पहिल्या नकाशातच ठरलेलं असतं. म्हणूनच तो नकाशा काढणारे कॉलेजात काय शिकतात, हे महत्त्वाचं.

हा विषय आत्ताच का?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२१ मध्ये ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांमधून झालेल्या जागतिक कार्बन उत्सर्जनात इमारती आणि बांधकामाचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. भारताच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनने २०१७-१८ नंतरच्या २० वर्षांत देशातली गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल, असा अंदाज मांडला.

घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आल्या. राज्यं हे नियम जसजसे लागू करतील, तसतसं ते जाणणाऱ्या आर्किटेक्टची गरज वाढेल.

पहिल्या नकाशात काय ठरतं?

दुपारनंतर पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, साधा छज्जा ते पुरेसं अडवत नाही. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला ठेवल्या, तर भिंती कमी तापतात. खिडकी दिसायला मोठी असून चालत नाही, तिचा किती भाग उघडतो हे बघावं लागतं. इको निवास संहितेनुसार मुंबईच्या उष्ण-दमट हवेत उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवा. नागपूरच्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के. एकच नकाशा दोन्ही शहरांत खपवता येत नाही, तो यासाठी.

मग शिकवण्यात अडचण कुठे?

बी.आर्क. हा पाच वर्षांचा, दहा सत्रांचा अभ्यासक्रम. त्याचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. हवामान आणि ऊर्जा हे विषय मात्र अनेकदा वेगळ्या तासाला, वेगळ्या पेपरात शिकवले जातात. सूर्याचा मार्ग परीक्षेत काढला जातो आणि स्टुडिओत त्याच आठवड्यात पश्चिमेला काचेची भिंत उभी राहते.

मार्क ‘दिसण्याला’ मिळाले, तर विद्यार्थी तेच शिकणार.

प्रमाणपत्र पुरेसं नाही का?

‘गृह’ आणि ‘आयजीबीसी’सारख्या मानांकनांमुळे विषय घरोघरी पोहोचला. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. बिल्डरसाठी हे आमिष मोठं आहे. पण गुण कसे जमवायचे आणि इमारत गार कशी ठेवायची, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. डिझाइनच्या टप्प्यावरचा हिशेब आणि राहायला गेल्यावर येणारं वीजबिल यांत फरक पडू शकतो.

जुन्या घरांकडे परत जायचं का?

जसंच्या तसं नाही. वाड्यातला चौक वीस मजली टॉवरमध्ये बसणार नाही. पण गरम हवा वर जाते आणि सावलीतून गार हवा आत येते, हे त्यामागचं तत्त्व तिथेही वापरता येतं. केरळमध्ये काम केलेल्या लॉरी बेकर यांनी ‘रॅट-ट्रॅप’ पद्धत लोकप्रिय केली. तिच्यात विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवतात. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते.

प्रवेश घेताना काय विचाराल?

स्टुडिओच्या ज्युरीत हवामानाचा हिशेब मागतात का? विद्यार्थी बांधून झालेल्या इमारतीत जाऊन तापमान मोजतात का? साइटवर कारागिरांसोबत काम करायला मिळतं का?

उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याची किंमत फक्त विद्यार्थी मोजत नाही. वरच्या मजल्यावर, एसी न परवडणारं कुटुंबही ती पुढची पन्नास वर्षं मोजतं.