पनवेलच्या यहुद्यांना कॉलेजात जागा द्या



खारघर, पनवेल, तळोजा, मुंब्रा या पट्ट्यातल्या कॉलेजांत शिकणाऱ्या तुम्हा मुलामुलींशी आज जरा भांडायचं आहे. विषय यहुद्यांचा आहे. नाव वाचूनच काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ती आठीच माझा विषय आहे.

मी बेलपाड्यात राहतो. इंजिनिअरिंग करून बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका कॉलेजातल्या काही मुलांनी एक साधा बेत आखला होता. ‘रायगडचे बेने इस्रायल’ नावाचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. जुने फोटो, एक व्याख्यान, मराठी कीर्तनाची ओळख आणि शेवटी सगळ्यांना चिकाचा हलवा. प्रोजेक्टर आणि वेबसाइट बघायला त्यांनी मला बोलावलं होतं. पण कार्यक्रम झालाच नाही. आपलीच काही मुलं म्हणाली, “गाझात लेकरं मरताहेत आणि आपण यहुद्यांचं कौतुक करायचं?” दुसऱ्या एका गटाने सांगितलं, “जरूर करा, फक्त मंचावर इस्रायलचा झेंडा पाहिजे.” व्यवस्थापनाने दोन्हीकडचा आवाज ऐकला आणि ‘वातावरण ठीक नाही’ म्हणून फाइल बंद केली.

दुसऱ्या गटाकडे नंतर येतो. आधी आपल्या मुलांशी बोलतो, कारण घरचा हिशेब आधी बघायचा असतो.

ज्यांच्या नावाने आपण कपाळाला आठी घालतो ते लोक कोण आहेत? खारघरहून लोकल पकडा. मानसरोवर, खांदेश्वर आणि मग पनवेल. त्या पनवेल शहरात बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्या काळापासून ते तिथे उभं आहे. अलिबागेत आजही ‘इस्रायल आळी’ आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, त्यातली सात जोडपी वाचली. पुढे ते कोकणातल्या गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, केहीमकर, नवगावकर. आपल्या कोकणी मुसलमानांसारखीच गावाच्या मातीला चिकटलेली. भाषा मराठी.

आता आपल्या घरात किती शब्द सारखे निघतात तेही बघा. त्यांच्या उपवासाला ते ‘रोजा’ म्हणत. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या दिवशीचा उपवास कोकणात ‘बिरड्याचा रोजा’ झाला, कारण तो सोडताना वालाचं बिरडं असायचं. त्यांच्यात न्यायनिवाडा आणि धर्मविधी पाहणाऱ्याला ‘काजी’ म्हणत. एलियाहू हनाबी, म्हणजे कुरआनात ज्यांचा इल्यास म्हणून उल्लेख येतो ते पैगंबर, त्यांच्या नावाने आजही बेने इस्रायल घरांत मलिदा होतो. मलिदा हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवा का? आणि त्यांच्या प्रार्थनाघराला मराठीत ते काय म्हणत? मशीद. मुंबईत मांडवीला सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जाई. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात.

ती मशीद बांधणारा सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा कंपनी सरकारचा शिपाई. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. बेने इस्रायलांमध्ये कथा सांगतात की टिपूच्या आईने, कुरआनात ज्यांचं नाव आहे ते बनी इस्रायल हेच, असं म्हणून त्याचा जीव वाचवला. कथा खरी की रचलेली यावर वाद घालू नका. त्या समाजाने आपल्या मोठ्या मशिदीच्या जन्मकथेत एका मुसलमान बाईला जागा दिली आहे, एवढं लक्षात घ्या.

याची दुसरी बाजूही सांगतो. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी नोंदवलेलं एक मत असं आहे, की मुसलमानांना ‘यहुदी’ हा शब्द खटकत असे म्हणून या लोकांनी ‘बेने इस्रायल’ हे नाव पुढे केलं. शेजाऱ्याला राग येऊ नये म्हणून स्वतःचं नाव जपून वापरायची पाळी. आजच्या भारतात ही पाळी कोणावर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. भाड्याने घर बघताना मला एका सोसायटीत नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर फ्लॅट ‘आत्ताच गेला’. बॉम्ब कुठे फुटला, कोणत्या देशात कोणी काय केलं, याचा जाब आपल्याला इथे विचारतात. तेव्हा आपण छाती ठोकून म्हणतो, मी इथला आहे, माझा त्याच्याशी काय संबंध? बरोबर म्हणतो. मग पनवेलच्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणाऱ्या माणसाला नेतान्याहूचा जाब कसा विचारता? कोणी दुसऱ्याच्या पापाचं ओझं उचलणार नाही, हे कुरआन एकाहून जास्त ठिकाणी सांगतं. ते काय फक्त आपल्या सोयीसाठी सांगितलं आहे?

“पण गाझा?” हो, गाझा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सामान्य माणसं मारली, ओलीस नेली, तो गुन्हा होता. त्यानंतर इस्रायलच्या सरकारने गाझात हजारो मुलं मारली, घरं, इस्पितळं, विद्यापीठं जमीनदोस्त केली, तोही गुन्हा आहे आणि तो मोठ्याने बोलला पाहिजे. मोर्चा काढा, निवेदन द्या, मी तुमच्याबरोबर येतो. पण एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काय झालं ते आठवा. गाझासाठी तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांत यहुदी मुलंमुलीही होती. त्यांनी त्या तंबूंतच वल्हांडणाचं जेवण मांडलं आणि आपली प्रार्थना म्हटली. त्याच दिवसांत इतर काही यहुदी विद्यार्थी आम्हाला त्रास दिला जातो, शिव्या मिळतात म्हणून तक्रारीही करत होते. दोन्ही खरं आहे. यहुदी म्हणजे एकच डोकं, एकच मत, असं मानणारा माणूस या दोन्हींतलं काहीच समजू शकत नाही.

देश वेगळा आणि समाज वेगळा, याचा पुरावा तर आपल्या बेने इस्रायलांनीच दिला. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, तुम्ही अस्सल यहुदी कशावरून असं विचारलं. हे मराठी लोक रस्त्यावर उतरले, धरणी धरली. १९६४ साली तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. इस्रायलच्या सत्तेशी भांडून हक्क मिळवणारे हे रायगडचे लोक. त्यांची गोष्ट ऐकायला मंचावर झेंडा कशाला हवा?

इथे त्या दुसऱ्या गटाकडे वळतो. ज्यांना कार्यक्रमापेक्षा झेंडा महत्त्वाचा होता, त्यांना बेने इस्रायलांबद्दल काडीचं प्रेम नाही. पनवेलचं सिनेगॉग कुठल्या रस्त्यावर आहे विचारा, सांगता येणार नाही. त्यांना मुसलमानाला डिवचायला काठी हवी आहे आणि झेंड्याला काठी असते, इतकंच. पण आपण कार्यक्रमाला नाही म्हणून त्यांचं काम सोपं करतो. आपण मागे सरलो की यहुद्यांचा इतिहास सांगायचा ठेका त्यांच्याकडे जातो. मग त्या इतिहासातून आपला मोहल्ला, आपला मलिदा, ‘जुनी मशीद’ आणि टिपूची आई सगळं गळून पडतं.

आता शिक्षणाचं बोलू, कारण कॉलेजचाच प्रश्न आहे. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची. केहीमकरांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली ती १८७५ ची. दोन समाजांना एकाच वेळी कळलं की शाळेशिवाय तरणोपाय नाही. ती इस्रायली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९२२ पासून १९५० पर्यंत रेबेका रूबेन यांनी ती चालवली. आज त्या शाळेत कोण शिकतं? बहुतांश मुसलमान मुलं. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेतही तेच, आणि तिच्या आवारात सिनेगॉग आहे. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये बहुतेक मुली मुसलमान आहेत. त्यांनी आपल्या मुलांना बाकावर जागा दिली, धर्म विचारला नाही. आपण त्यांना अर्ध्या दिवसासाठी सभागृह देऊ शकत नाही?

विद्यापीठाच्या पातळीवरही असंच आहे. जॉन विल्सन या पाद्र्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी हिब्रू घेतली, धर्म स्वतःचाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाचं पुस्तक मराठी भाषांतरासह छापलं गेलं, त्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मुंबईच्या फोर्टमधली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली ती जेकब ससून, कावसजी जहांगीर, करीमभाई इब्राहिम आणि वसनजी मूळजी यांच्या देणग्यांवर. यहुदी, पारशी, मुसलमान, हिंदू, सगळे एका आवारात. हे आपल्याच शहराचं विद्यार्थी जीवन आहे आणि आपण त्याबद्दल अडाणी आहोत.

तुमच्यातले काही जण एमएस करायला अमेरिकेत जाणार आहेत. तिथे शुक्रवारच्या नमाजाची खोली, हलाल जेवण, रमजानची इफ्तारी सगळं मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनमुळे मिळेल. ती संघटना १९६३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली. यहुदी विद्यार्थ्यांची हिलेल ही संस्था त्याच विद्यापीठात १९२३ साली सुरू झाली होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्याला आपलं सण-जेवण-शिक्षण कॅम्पसवर मांडता आलं पाहिजे, हा हक्क तिथे आपण आनंदाने वापरतो. तोच इथे दुसऱ्याला देताना हात का आखडतो? महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आपल्यापेक्षा लहान अल्पसंख्याक समोर आला की आपण बहुसंख्याकांसारखे वागतो का, ही आपली परीक्षा आहे.

आणि आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही असंही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी मारेकऱ्यांच्या प्रेतांना बडा कब्रस्तानात जागा नाकारली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. ‘हे आमच्या नावाने झालेलं नाही’ हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. पैगंबरसाहेब एका यहुद्याच्या जनाज्यासाठी उठून उभे राहिले, ही हदीस तुम्ही मदरशात ऐकलीच आहे. उभं राहणं ही सुन्नत आहे, मग ऐकायला बसणं इतकं जड का?

म्हणून स्पष्ट मागण्या करतो, त्याही फार मोठ्या नाहीत. आपल्या समाजाच्या संस्थांनी सुरुवात करावी, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. एक, दरवर्षी ‘नव्याचा सण’ म्हणजे त्यांचं नववर्ष येतं, त्या सुमारास रायगडच्या बेने इस्रायलांवर एक दिवस ठेवा. बोलायला त्या समाजातलीच माणसं बोलवा. त्यांच्याविषयी आपणच भाषण ठोकू नका. दोन, झेंडा कोणत्याच देशाचा लावू नका, तिरंगा पुरे. तीन, गाझावर प्रश्न विचारायची मुभा ठेवा, पण पाहुण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. चार, आर्किटेक्चरच्या मुलांनी पनवेल आणि अलिबागच्या सिनेगॉगची विश्वस्तांच्या परवानगीने मोजणी करून नकाशे करावेत. पाच, कॉम्प्युटरच्या मुलांनी जुन्या मराठी छापील प्रार्थनापुस्तकांचं स्कॅनिंग करावं. देवनागरी अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर जुन्या छपाईवर अडखळतं, ते सुधारणं हा शेवटच्या वर्षाचा छान प्रोजेक्ट आहे. मी त्यासाठी शनिवार सोडून कुठल्याही सुट्टीच्या दिवशी येईन. शनिवार का नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल.

त्या बंद पडलेल्या कार्यक्रमाची वेबसाइट अजून माझ्याकडे तयार पडून आहे. पुढचं पत्र व्यवस्थापनाला तुम्ही लिहा, आणि या वेळी त्यावर पहिल्या सह्या आपल्या मुलामुलींच्या असू द्या.