गुलमोहर आणि फरशी

गेल्या चैत्राच्या अखेरीस आम्हीं आमच्या अंगणांतील गुलमोहर तोडविला. त्या दिवसापासून आमच्यावर जो वाग्बाणांचा वर्षाव चालू आहे, त्यास उत्तर देण्याचें आम्हीं आजवर टाळलें होतें. परंतु परवां एका विद्वान् स्नेह्यांनीं, आमच्याच बैठकींत आमच्याच चहाचा पेला हातांत धरून, ''तुमच्यासारख्या सुशिक्षितांनींच अशी हत्या करावी ना!'' असे उद्गार काढले, तेव्हां मौन सोडणें आम्हांस भाग पडलें.

हा गुलमोहर आमच्या वडिलांनीं १९७८ सालीं, पुण्यांत डेक्कन जिमखान्याच्या बाजूस घर बांधलें त्याच पावसाळ्यांत लावला. त्याचा विस्तार उंचीपेक्षां रुंदीस अधिक. माडीच्या सज्ज्यावर त्यानें छत्रच धरलें होतें. वैशाखांत सारी आळी उन्हानें करपून जावी आणि आमच्या फाटकापाशीं तेवढा लाल भडका उडावा, हें आम्हीं चार तपांच्या जवळपास पाहिलें. त्याच्या कळ्या उकलून आंतल्या पुंकेसरांच्या झुंजी लावण्यांत आमचें बालपण गेलें, आणि आमच्या मुलांचेंहि. तेव्हां झाडाची माया आम्हांस कोणीं शिकवावी असें नाहीं.

आमच्यावर टीका करणारांइतकेच आमचें अभिनंदन करणारेहि आम्हांस नकोसे झाले आहेत. ''बरें झालें, परदेशी झाड गेलें!'' असें म्हणून एका गृहस्थांनीं आमची पाठ थोपटली. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाचा, हें खरें. पण मिरची, बटाटा, पेरू हीं तरी कोणत्या वेदकाळापासून आपल्याकडे आहेत? ज्या पांढऱ्या चाफ्याचीं फुलें हे गृहस्थ रोज देवास वाहतात, तोहि अमेरिका खंडांतूनच आलेला आहे. साताऱ्यास १ मे हा दिवस गुलमोहराचा म्हणून साजरा होतो. त्यांत कोणास परकेपणा वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जन्मस्थान पाहून झाडावर कुऱ्हाड चालवावी असें आम्ही म्हणत नाहीं, आणि त्यासाठीं आम्हीं ती चालविलीहि नाहीं.

आतां टीकाकारांकडे वळूं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं उभें, फुलणारें झाड आम्हीं मारलें. यावर आमचें उत्तर असें कीं झाड मारल्याचा आरोप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. फक्त टीकाकारांनीं तारीख चुकविली आहे. तें झाड आम्हीं गेल्या चैत्रांत मारलें नाहीं, २००९ सालीं मारलें.

त्या वर्षीं आम्हीं मोटार घेतली. मोटारीस जागा हवी, चिखल नको, म्हणून फाटकापासून जिन्यापर्यंत सारें अंगण फरशीनें मढविलें. गवंडी फरशी बुंध्यास अगदीं भिडवून, सांधे सिमेंटनें भरून गेला. त्याच आठवड्यांत सांडपाण्याचा नळ नेण्यासाठीं मांडीएवढीं दोन मुळें तोडावीं लागलीं. 'लागलीं' हा शब्द आम्हीं तेव्हांहि वापरला होता! गुलमोहराचीं मुळें खोल जात नाहींत; तीं जमिनीच्या वरच्या थरांतच दूरवर पसरतात, आणि पाण्याप्रमाणें त्यांस हवाहि लागते. आम्हीं पाणी तोडलें, हवा तोडली, आणि एका बाजूचा आधारहि तोडला. मराठींत फरशी हें एका जातीच्या कुऱ्हाडीचेंहि नांव आहे, हें आम्हां भाषेच्या अध्यापकास त्या वेळीं सुचूं नये, याची आज लाज वाटते.

आणि त्या दिवशीं हे वृक्षमित्र कोठें होते? ते आले होते. वास्तविक सारी आळी आली होती. फरशीचा भाव काय, गवंडी कोण, पावसांत पाय घसरतो काय, अशी आस्थेनें चौकशी झाली आणि पुढील दोन वर्षांत आणखी चार अंगणें तशींच मढलीं. परवांच्या विद्वान् स्नेह्यांचें अंगण त्यांतच आहे.

झाडाचा मृत्यु माणसासारखा गडबड करीत नाहीं. आधीं शेंडा विरळ झाला, मग कांहीं वर्षांनीं बुंध्याशीं बुरशीचीं कठीण, तपकिरी छत्रें उगवलीं. फुलें मात्र येतच होतीं, आणि फुलें दिसतात तोंवर झाड निरोगी असें आपण समजतों. अखेर मागच्या वर्षीं, वाऱ्याची झुळूकहि नसतां, भर दुपारीं एक मोठी फांदी कडाडून फाटकाबाहेर कोसळली. शाळेच्या मुलांची रिक्षा तेथें रोज थांबते. त्या दिवशीं ती दहा मिनिटांपूर्वींच निघून गेली होती. पुढें झाड उतरवितांना बुंधा कापला, तेव्हां आंत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी निघाली. हें झाड आम्हीं भावनेखातर आणखी एक पावसाळा उभें ठेवावयास हवें होतें, असें ज्यांचें मत असेल त्यांनीं तें त्या मुलांच्या आयांस जाऊन सांगावें.

कायद्याचा धाकहि आम्हांस घालण्यांत आला. महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ चा आहे. आम्हीं त्याप्रमाणें अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी मिळाली. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणें तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं झाडें लावण्याची अटहि आम्ही पाळीत आहों. परंतु आमच्या टीकाकारांनीं तो अधिनियम एकदां वाचावा. झाड 'तोडणें' याच्या व्याख्येंत झाडास कोणत्याहि प्रकारें इजा करणेंहि त्यानें धरलें आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें आम्ही गुन्हेगार आहोंत ते २००९ चे! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालचें काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. असें असतां कुऱ्हाडीचा आवाज ऐकून धांवणारे लोक फरशीवरून चपला वाजवीत जातात, आणि बुंध्यास आवळणाऱ्या सिमेंटविरुद्ध एकहि तक्रार कोणी लिहीत नाहीं. कारण उघड आहे. तें सिमेंट तक्रारदाराच्याहि दारांत आहे.

झाड गेल्यावर आम्हीं सारी फरशी उखडविली. खालची माती विटेसारखी घट्ट झालेली होती. पहारीनें ती फोडावी लागली. तेथें बहाव्याचें एक रोप लावलें आहे, आणि मोटार आतां रस्त्यावर उभी असते. तिच्यावर कावळे बसतात.

सदर स्नेह्यांच्या अंगणांत एक जुना आंबा आहे. यंदा त्याच्या शेंड्याकडील पानें विरळ झालेलीं आम्हांस आमच्या सज्ज्यांतून दिसतात. फरशी उखडण्यास आमच्याकडे जो गवंडी आला होता, त्याचा पत्ता घेऊन आम्ही उद्यां सकाळीं त्यांच्याकडे जाणार आहों. चहा त्यांनीं दिला तर घेऊं.