एक जूनची माणसं

पन्नाशी कशी साजरी करायची यावरून सध्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर घमासान चालू आहे. चंद्रपूरला बी.एस्सी. करून १९९७ साली बाहेर पडलेली आमची बॅच. बहुतेकांचं जन्मसाल १९७६, त्यामुळे २०२६ मध्ये सगळे घाऊक भावात पन्नाशीला टेकतायत. पुण्या-मुंबईच्या आणि बंगलोरच्या मंडळींनी गोव्याचं रिसॉर्ट, तीन दिवस दोन रात्री, एका रंगाचे टी-शर्ट असा प्लॅन टाकला. पोल झाला. गोवा भरघोस मतांनी निवडून आला.

पण मत कोणी दिलं नाही, हे पोलमध्ये पटकन दिसत नाही. मी मुद्दाम नावं तपासली. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतले मास्तर, कोळसा खाणीच्या ऑफिसातला क्लार्क, बल्लारपूरचा मेडिकलवाला, सिंदेवाहीची अंगणवाडी पर्यवेक्षिका. सगळे तिकडेच राहिलेले. त्यातल्या दोघातिघांनी फक्त "बघतो" एवढंच लिहिलं होतं. आपल्याकडे "बघतो" म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तर माझं म्हणणं सरळ आहे. पन्नाशी चंद्रपुरातच करावी. आणि १ जूनलाच करावी.

१ जून का? ग्रुपमधल्या वाढदिवसांची यादी केली तर त्या एका तारखेपाशी नुसती झुंबड उडालेली दिसते. शहरात वाढलेल्यांना हे विनोदी वाटेल, पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत शिकलेल्या कुणालाही विचारा. पोराला शाळेत घालायला बाप घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? उत्तर मिळायचं, मोठ्या पुराच्या साली, नाहीतर धान कापणीच्या वेळी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण कायदा झाला म्हणून जंगलातल्या गावात घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद होतेच असं नाही. शाळेचं वर्ष जूनपासून, प्रवेशाचं वय बसायला हवं, म्हणून गुरुजी दाखल-खारीज रजिस्टरात बिनदिक्कत १ जून लिहून टाकायचे. (गंमत म्हणजे आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उघडतातच मुळी जूनच्या शेवटी!)

सॉफ्टवेअरवाल्यांच्या लगेच लक्षात येईल, ही डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून मोजतं. एखाद्या रेकॉर्डमध्ये ती तारीख दिसली की आपण ओळखतो, इथे खरी माहिती नव्हती, सिस्टिमने आपल्या मनाने भरली. १ जून ही गुरुजींची सिस्टिम. आणि ती आयुष्यभर चालते. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. आमच्यातले अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारे सगळे ३१ मे २०३४ ला एकत्रच बाहेर पडणार.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत पोचलेल्या सोमाली, सुदानी, अफगाण निर्वासितांमध्ये १ जानेवारीला जन्मलेले ढिगाने सापडतात. कागदावर काहीतरी तारीख लागते आणि टेबलापलीकडच्या माणसाला घाई असते, गोष्ट तीच.

कॉलेजात असताना आम्ही एटापल्लीवाल्या मित्राला १ जूनला पार्टी मागायचो. तो म्हणायचा, "माया कायचा वाढदिवस बे? तो तं गुरुजीनं देल्ला." आम्ही हसायचो, तोही हसायचा. घरात कधी औक्षण नाही, केक तर लांबच. आता पन्नाशीला कोणी हौसेने वैष्णवी शांत करायची म्हटली, तर भटजी तिथी आणि नक्षत्र विचारणार. तो काय सांगणार?

काही जण म्हणतात, खोट्या तारखेचं कसलं सेलिब्रेशन? मला उलटं वाटतं. जन्माचा दिवस आपल्या हातात नसतो. पण १ जून ही तारीख रजिस्टरात पडली, कारण कोणीतरी त्या पोराचं बोट धरून त्याला शाळेत नेलं. त्या गावातल्या ज्या पोरांना कोणी नेलं नाही, त्यांना १ जूनही मिळाला नाही. आमच्या एक जूनवाल्यांची नावं १९८२ च्या जूनमध्ये पहिलीत घातली गेली तेव्हा त्यांची गावं चंद्रपूर जिल्ह्यात होती. २६ ऑगस्टला गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे पहिलीची पहिली चाचणी व्हायच्या आत पोरांचा जिल्हा बदलला! पुढे दहावी, बारावी, मग आलापल्ली-आष्टीमार्गे एसटीने चंद्रपूर, आठ बाय दहाची खोली, डब्याचे पैसे महिनाअखेर थकलेले. आमची त्यांची ओळख झाली ती या रस्त्याच्या शेवटी. आम्हा बाकीच्यांचे वाढदिवस आईबाबांनी जपले. त्यांचा शाळेने जपला. आणि आपण सगळे भेटलो ते शाळा-कॉलेजामुळेच ना? मग पूर्ण बॅचचा म्हणून एकच वाढदिवस निवडायचा तर याहून खरी तारीख कुठली?

कोरियात २०२३ साली कायदा बदलेपर्यंत वय मोजायची जुनी रीत सर्रास होती, नवं वर्ष लागलं की सगळा देश एकदम एक वर्षाने मोठा. कुणाचा दिवस कुठला हा प्रश्नच नाही. एका बॅचला एका रात्री असं मोठं व्हायला काय हरकत आहे?

आता आक्षेप. पहिला अर्थातच उन्हाचा. १ जून म्हणजे नवतपाची शेपटी. त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि टीव्हीवर आमचं शहर झळकतं. मान्य. पण भरदुपारी कोण जमतंय? ३१ मे २०२६ ला रविवार आहे. संध्याकाळी सात नंतर एखाद्या हॉलच्या गच्चीवर पाणी मारायचं, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावायच्या, पन्ह्याचं पातेलं ठेवायचं, वडाभात करायचा. बाराच्या ठोक्याला केक. याच उन्हात परीक्षा दिल्यात राव, आता एसीशिवाय एक रात्र निघत नाही?

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तर त्यांच्यासाठी: चंद्रपूरची दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीची १९९३ पासून आहे आणि अजूनही आहे. मी चंद्रपूर म्हणतोय, गडचिरोली नाही. काळजी नसावी :-)

तिसरा, "तिथे बघायला काय आहे?" पुण्यामुंबईचे लोक हजारो रुपये मोजून ताडोबाला येतात. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे ते, आणि वाघ पाणवठ्यावर दिसतात ते उन्हाळ्यातच. कोअर भाग जूनअखेरपर्यंत चालू असतो. अख्खं जग आमच्या गावाला येतंय आणि आम्ही गोव्याला चाललोय.

खर्चाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. गोव्याचा माणशी आकडा आमच्यासाठी एका वीकेंडचा आहे. मास्तरांसाठी तो पोरीच्या क्लासची फी आहे. आमच्यातल्या कोणीतरी "आपण त्यांचं कॉन्ट्रिब्युशन भरू" असंही सुचवलं. हेतू चांगला आहे, पण ज्याच्या खोलीवर आपण तीन वर्षं फुकट चहा प्यायलो, त्याला पन्नाशीला पाहुणा म्हणून न्यायचं? चंद्रपुरात केलं तर तो यजमान असेल. फरक एवढाच आहे, पण एवढाच फरक महत्त्वाचा आहे.

तुम्ही तिशीत असाल तर म्हणाल, आम्हाला काय त्याचं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार, तेव्हा एक जूनची माणसं आता हळूहळू संपत जातील, आणि ते चांगलंच आहे. पण तुमच्याही ग्रुपवर "बघतो" म्हणणारा कोणीतरी असेलच. पुढचा गेट-टुगेदर ठरवताना जागा आणि तारीख आधी त्याला विचारा, पोल नंतर टाका.

मी आमचा पोल पुन्हा घेतोय. या वेळी फोनवरून, आणि सुरुवात एटापल्लीपासून.